खंडेनवमीला अडलेलं फ्लायव्हील

बोल्ट सगळे ढिले झाले होते. फ्लायव्हील मात्र जागचं हलेना. माझ्या गॅरेजात लोखंडी घोड्यांवर चढवलेल्या ॲम्बेसेडरखाली मी आडवी, आणि बाहेर स्टुलावर गाडीचे मालक वट्टमवार काका.

"निघालं का हो, इंजिनिअरबाई?"

"निघंल, काका."

"उद्या दसरा हाय."

"माहीत हाय, काका."

काकांचं नांदेडात कापडाचं दुकान. आता दुकान मुलगा बघतो आणि काका गाडी बघतात. दर दसऱ्याच्या संध्याकाळी ते याच गाडीतून नायगावला थोरल्या बहिणीला, आक्कांना, सोनं द्यायला जातात. आक्कांची नजर गेलेली. गल्लीत गाडी वळली की आवाजावरून ओळखतात आणि काठी टेकत दारात येऊन उभ्या राहतात. यंदा ऐन वेळी क्लच गेला. मुलगा म्हणाला, माझी नवी गाडी घेऊन जा.

"नव्या गाडीला आवाजच न्हाई," काका मला म्हणाले. "मी आलो हे आक्काला कळणार कसं?"

मी काम घेतलं.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी, सोडणारी प्लेट. ती फ्लायव्हील नावाच्या जड लोखंडी चाकाला दाबून बसते. काकांची प्लेट इंजिन ऑइलनं भिजून घसरत होती. नुसती प्लेट बदलली असती तर नवीही चार दिवसांत भिजली असती, कारण गळती चाकाच्या पाठीमागं होती. म्हणजे चाक काढणं आलंच. हे चाक बोल्टांशिवाय दोन पिनांवरही बसलेलं असतं. त्या पिनांभोवती जळकं ऑइल डिंकासारखं धरलं होतं.

त्यावर डिझेल सोडलं. रबरी हातोड्यानं सगळीकडून ठोकलं. काही नाही. घण होता, पण चाक बिडाचं. बीड वाकत नाही, तडकतं. आणि तडकलं तर दुसरं कुठून आणायचं?

मग पुलर बनवला. चाकाला एक जाड पट्टी बांधली, मधून एक बोल्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या, तोंडाशी रोखला. तो आवळला की चाक बाहेर ओढलं जातं. चाक सुटून अंगावर पडू नये म्हणून त्याचे दोन जुने बोल्ट अर्धे आत ठेवले. पान्याला पाइप लावून जीव खाऊन आवळलं. पट्टी वाकली, चाक नाही. शेवटी माझा हात घणाकडं गेला.

तेवढ्यात बापू आले. हातात हळदीकुंकवाचं ताट.

बापू म्हणजे माझे वडील. हदगावकडं लोकांच्या रानात कापूस वेचून त्यांनी मला शिकवलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तीही मेकॅनिकल. खंडेनवमीला आमच्या घरी विळा आणि दोन खुरपी पूजेला असायची. आता माझे पाने असतात.

"काय करून राहिली? ठेव ते खाली," बापू म्हणाले. "आज लोखंडाला सुट्टी."

"बापू, काकांना उद्या जायचंय."

"वरीसभर राबतंय ते तुझ्यासाठी. एक दिस बसू दे की."

मी काकांकडं बघितलं. अडचण त्यांची होती, त्यांनीच बोलायला हवं होतं. काका स्टुलावरून उठले, चपला काढल्या.

"आमच्या दुकानातली कात्रीबी आज पूजेतच असती," ते म्हणाले. "होऊ द्या पूजा."

बापूंनी पाने, जॅक, घण सगळं मांडलं. भिंतीवरची माझी डिग्री उतरवून तिलाही कुंकू लावलं. काचेवर लावलं, एवढं बरं. मग कमरेवर हात ठेवत वाकले आणि गाडीखाली ताणून ठेवलेल्या पुलरवर एक झेंडूचं फूल ठेवलं.

काका घरी जाईनात. बापूंनी त्यांना आमच्यातच जेवायला बसवलं. भात वाढत होते, तेवढ्यात गाडीखालून आवाज आला. टण्ण!

तिघंही उठलो. हात लावायचा नव्हता, म्हणून नुसतं डोकावलो. फूल खाली पडलं होतं. चाक क्रँकपासून बोटभर सुटून त्या दोन बोल्टांवर लटकत होतं.

"पावली पूजा," बापू म्हणाले.

"बापू, ताण दिलेला होता. डिझेल मुरलं."

"ताण तर सकाळपास्नं व्हता की."

काका हसत होते आणि डोळे पुसत होते.

दसऱ्याला उजाडताच पाने उचलले. गळती बंद केली, नवी प्लेट बसवली, गिअरबॉक्स चढवला. चार वाजता काका आपट्याची पानं मागच्या सीटवर ठेवून निघाले.

अंधार पडायच्या आत त्यांचा फोन आला.

"पोचलो. आक्का दारातच उभी होती. पण रागावली मला."

"का हो?"

"म्हणती, गाडी आज कुरकुरंना, मला वाटलं दुसरंच कुणी हाय. पण तरी आक्का दारातनं हलली न्हाई."

तेव्हापासून फ्लायव्हील अडलं की मी पुलर आवळते, दोन बोल्ट अर्धे ठेवते आणि जेवायला जाते. घणावर अजून त्या दिवसाचं कुंकू आहे.