आईच्या टिकल्यांचं कपाट

मंगळवारी सकाळी आई गेली. अण्णा, माझे वडील, तेव्हा दूध आणायला गेले होते. मी पुण्याहून दुपारी पोचले.

या ग्रुपवर लोक लिहितात ते गूढ अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे, पण खरं सांगायचं तर एकावरही माझा विश्वास बसला नाही. मी ग्रंथालयात नोकरी करते. भुताखेतांची पुस्तकं वाचकांना काढून द्यायची आणि परत आली की जागेवर लावायची — माझा त्यांच्याशी संबंध एवढाच. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. जे झालं, ते झालं त्या क्रमानं लिहिते.

घर सोलापुरात, शुक्रवार पेठेत. बाहेरची खोली अण्णांची, आतली आईची. आतल्या खोलीत पलंगाला लागून सागवानी कपाट, वरून चकचकीत पॉलिशचा थर. आईला एक सवय होती, बऱ्याच बायकांना असते — आंघोळीला जाताना, झोपताना कपाळावरची टिकली काढून कपाटाच्या दाराला चिकटवायची. मग कधी तीच पुन्हा लावायची, कधी विसरून नवीन पाकीट काढायची. कपाटाचं एक दार लाल-मरून ठिपक्यांनी भरून गेलं होतं.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. अण्णा मात्र आतल्या खोलीत पाय ठेवेनात. बाहेर बाकावर झोपायचे. चहाशिवाय पोटात काही जात नव्हतं. असंच चाललं तर अॅडमिट करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

"अण्णा, दोन घास तरी खा."

"जात न्हाय गं."

"मग आत पंख्याखाली पडा जरा."

"तितं तिच्या टिकल्या हायत. आत्ता आंघोळीवरनं येईल आन् त्यातली एक काढून लावंल, असं वाटतंय..." थोड्या वेळानं म्हणाले, "तू काढ त्या. मग जातो मी आत."

अण्णांचं सगळं त्या दारावर येऊन अडलं होतं. म्हणून मी कामाला लागले.

हे काम मला नवीन नाही. जुन्या पुस्तकांवरची लेबलं आणि त्यांचा गोंद काढण्यात माझे कितीतरी दिवस गेले आहेत. आधी दाराच्या आतल्या बाजूला नेलपॉलिश रिमूव्हरचा थेंब लावून पाहिला. तेवढं पॉलिश पांढरं पडलं, म्हणून तो बाजूला ठेवला. मग हेअर ड्रायरची ऊब द्यायची, टिकली नखानं अलगद उचलायची, राहिलेल्या गोंदावर खोबरेल तेल लावून थांबायचं आणि मऊ फडक्यानं पुसायचं. शेवटी साबणाच्या पाण्याचा हात आणि कोरडं फडकं. खरवडायचं नाही.

शेजारच्या पद्माक्का भाजीचा डबा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"काय गं, कपाटाला मालिश करतीस व्हय? एवढं तेल तर तुझ्या आईनं तुझ्या डोक्याला पण घातलं न्हाय!"

मी हसले. मग आम्हा दोघींनाही रडू आलं.

काम करता करता एक गोष्ट लक्षात आली. वरच्या टिकल्या आईच्या कपाळाच्या उंचीवर होत्या, ती उभी राहून लावायची तेव्हाच्या. त्यांच्याखालच्या, मणक्याच्या दुखण्यानं ती खुर्चीत बसायला लागली तेव्हाच्या. आणि सगळ्यात खाली, पलंगाच्या उंचीवर, पडल्यापडल्या हात पोचेल तिथं लावलेल्या... खालच्यांचा गोंद अजून मऊ होता. वरच्यांचा जुना, धूळ खाऊन काळा आणि कडक झालेला. वरच्या काढायलाच खूप वेळ लागला.

संध्याकाळपर्यंत दार स्वच्छ झालं. टिकल्यांच्या जागी पॉलिश किंचित गडद दिसत होतं. तिथं उजेड लागला नव्हता, त्यामुळे त्यात नवल नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरून हात फिरवला आणि बोट चिकटलं. वर, आईच्या कपाळाच्या उंचीवर, टिकलीएवढी गोल जागा. राहून गेलं असेल म्हणून मी पुसलं. पुसताना मात्र खटकलं — वरचा गोंद तर काळा आणि कडक होता. हा स्वच्छ होता, ताजा... आत्ताच कुणी तिथली टिकली उचलून घेतल्यासारखा.

थोड्या वेळानं पाहिलं, तर तिथं परत तेच.

अण्णांचा संशय आला, खोटं कशाला बोलू? पण ते उंबरा ओलांडत नव्हते. तरी मी ती जागा पुन्हा पुसली, कोरडी केली, खिडकी लावून खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली जवळ ठेवून अण्णांसमोर पेपर वाचत बसले. दुपारच्या चहाच्या वेळी कुलूप काढलं. जागा चिकट होती. कागदाचा कपटा लावून पाहिला. तो तिथंच राहिला, पडला नाही.

भीती वाटली असं म्हणता येणार नाही. पण एकटीनं तिथं थांबवेना.

"अण्णा, जरा आत येता?"

"निघाल्या न्हवं सगळ्या?"

"निघाल्या. पण एका ठिकाणी गोंद येतोय. पुसला तरी येतोय."

"कुटं?"

ते उठले. उंबऱ्याशी थांबले, मग आत आले. कपटा काढून त्यांनी त्या जागेवर बोट टेकवलं.

"खाली हाय का कुटं असा?"

"नाही. इथंच."

अण्णांनी बोट काढलं नाही. "ही तिची उभ्यानं लावायची जागा," ते म्हणाले. "शेवटी शेवटी एकच म्हणायची, मला एकदा उभी करा की. डाक्टर नको म्हणाले, मणका मोडंल. मी न्हाय केली."

मी त्या गोल जागेकडे पाहिलं.

"म्हंजे राहिली की उभी," अण्णा म्हणाले.

मी सवयीनं फडकं उचललं, तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. पुसू नको." मग पलंगावर बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "भाकरी हाय का गं?"

भाकरी होती. पद्माक्कांनी सकाळी पाठवलेली भाजी होती, शेंगाचटणी होती. त्यांनी तिथंच बसून खाल्लं आणि आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

पुढे ओळखीच्या एका पॉलिशवाल्याला विचारलं. तेल थरात मुरून झिरपत असेल, असं तो म्हणाला. असेलही. पण कागदाच्या कपट्यावर तेलाचा डाग नव्हता. आणि तेल तर मी सगळ्या दाराला लावलं होतं, मग एकाच जागी का? माझ्याकडे याचं उत्तर नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन.

अण्णा सोलापुरातच आहेत. आईच्या खोलीत झोपतात, दोन्ही वेळा जेवतात. मी गेले की कपाट पुसते, तेवढी जागा सोडून. ती अजून चिकट आहे. तिच्यावर धूळ बसलेली नाही.