उत्तम खेळाडूचा बिल्ला

इतकी वर्षं झाली, पण ती फिर्याद काही डोक्यातून जात नाही. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मी मेहकर भागात ठाणेदार होतो. पोळा नुकताच झाला होता. जानेफळच्या एका शेतकऱ्याचा मुलगा ठाण्यात आला. प्रांताच्या फुटबॉल लीगमध्ये वर्षातला उत्तम खेळाडू म्हणून त्याला चांदीचा बिल्ला मिळाला होता. तो घरच्या पेटीतून चोरीला गेला, असं त्याचं म्हणणं.

संशयिताचं नावही त्याने तयार ठेवलं होतं. त्याच्याच गावचा, त्याच्याच संघाचा गोलकीपर, तहसील कचेरीतला चपराशी. ‘बिल्ल्यावर हक्क माझा होता’ असं तो भर बाजारात बोलला होता. त्यात कोतवालाने खबर आणली, की पोळ्याच्या दिवशी हाच माणूस फिर्यादीच्या दारात दिसला. फिर्यादी त्या दिवशी प्रांताच्या निवडक संघाकडून सामना खेळायला अमरावतीला होता. आमच्या हवालदाराच्या लेखी गुन्हा तिथेच शाबीत झाला.

चपराशाला बोलावून घेतलं. गुन्हा दाखल झाला असता तर त्याची नोकरी गेलीच होती, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

"बिल्ला मले पाह्यजे होता, साहेब. खोटं काऊन बोलू? पण चोरी नाही केली."

"मग त्याच्या घरी कशाला गेलास?"

"पोळा होता जी. माही जोडी ओवाळाले दारोदार नेली, तशी त्याच्याही दारी नेली. आत नाही गेलो. त्याच्या म्हाताऱ्याचा बैल लांबून पाह्यला. लई सजवला होता. कपाळावर चांदीसारखं चमकून राह्यलं होतं."

"बैलाच्या गोष्टी नको सांगू बे," हवालदार खेकसला. मी त्याला गप्प केलं. मीही शेतकऱ्याच्याच घरचा. शिंगांना बेगड लावतात, कपाळाला बाशिंग बांधतात. चांदी कुठून आली?

फिर्यादीला विचारलं, "घरी बापाला विचारलंस का?"

"नाही. पोळ्याले घरी नव्हतो, तवापासून आमचं बोलणं बंद आहे."

घ्या. बापाशी अबोला, म्हणून सरकारने तपास करायचा. मला मनस्वी राग आला. त्याला घेऊन तसाच जानेफळला गेलो आणि म्हाताऱ्याला बैलाचा साज दाखवायला सांगितलं. त्याने काही आढेवेढे न घेता गोठ्यातलं बोचकं सोडलं. झूल निघाली, घुंगरमाळ निघाली, आणि बाशिंगाला सुताने बांधलेला बिल्ला निघाला. फितीला गेरू लागला होता.

"हा पोराचा बिल्ला आहे, माहीत होतं?"

"हाव. वर्षातल्या उत्तम गड्याचा हाय म्हणे. माह्या वावरात वर्षभर कोण राबलं? हा तं फुटबालामागं हिंडून राह्यला. पोळ्यालेही आला नाही. जो राबला त्याले बांधला." मग तो पोराकडे वळला. "मले मागितला असता तं देल्ला असता. ठाण्यात जाले पाय हायेत, बापाशी बोलाले तोंड नाही तुले."

पोरगा खाली वाकून झूल, घुंगरमाळ परत बोचक्यात बांधू लागला.

दुसऱ्या दिवशी त्याला तहसील कचेरीत नेऊन सगळ्यांसमोर चपराशाची माफी मागायला लावली. चपराशी म्हणाला, "तुले भेटला म्हणून जळत होतो. बैलावर काय जळू?"

पुढे बढती मिळाली, बदल्या झाल्या. घरफोडीची फिर्याद आली की हाताखालचे लोक कुलूप पाहायला धावत. मी आधी विचारायचो, या घरात कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे?