बाबांची ढोलकी, माझा माऊस

गोखिवऱ्यातल्या आमच्या सोसायटीत गणपतीची आरती म्हटली की बाबांची ढोलकी, हे ठरलेलंच. त्या वर्षी गणपतीच्या काही महिने आधी बाबांना अर्धांगाचा झटका आला. चालणं-बोलणं सावरलं, पण उजवा हात लुळाच राहिला. कुणी विचारलं की बाबा ठणकावून सांगायचे, "होतोय बरा! आरतीला मीच वाजवणार." आई माझ्याकडे बघायची आणि मी भिंतीकडे.

माझ्याकडे तेव्हा सेकंडहँड कॉम्प्युटर होता, त्यात गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, आणि वायरने जोडलेला पेटीसारख्या पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड. पट्टी दाबली की कॉम्प्युटर ठोक्याची वेळ आणि जोर टिपून ठेवतो, आवाज आपण हवा तो लावायचा. ढोलकीचे आवाज मी आधीच भरून ठेवले होते. म्हटलं, "बाबा, डाव्या हाताच्या बोटांनी यावर वाजवा. आरतीला स्पीकरवर लावू."

"म्हणजे खोटं वाजवू?"

"हात तुमचाच ना? मग खोटं कसलं?"

बाबांनी थाप मारली आणि पियानो वाजला! "काय गो हे? आरती आहे की चर्चमधलं लग्न?" म्हणत ते उठायलाच निघाले. माझंही डोकं फिरलं. वायरी काढून परत घातल्या, त्या मशीनला शिव्या हासडल्या. शेवटी कळलं, सॉफ्टवेअरमध्ये तालवाद्यांचे आवाज दहाव्या चॅनलवर असतात आणि आम्ही बसलो होतो पहिल्यावर, पियानोच्या. नंबर बदलला आणि ढोलकी बोलली. बाबा लहान मुलासारखे हसले. फार गोड दिसले मला.

रेकॉर्डिंग झालं. काही ठोके उशिरा पडलेले, काही पुसट, आणि बोट थरथरलं तिथे एकाचे दोन. मला ते सगळं इतकं त्यांचं वाटलं की हात लावावासाच वाटेना. "राहू दे असंच, जिवंत वाटतंय," मी म्हटलं.

बाबा भडकले. "माझं आजारपण लोकांना ऐकवायचंय तुला? सरळ कर ते!"

मी एक बटण दाबून सगळे ठोके एका रांगेत बसवले. बाबांनी तोंड वाकडं केलं. "ही तर पोलिसांची परेड झाली." मग शेजारी खुर्ची ओढून बसले आणि एकेक ठोका माऊसने सरकवून घेऊ लागले. हा पुढे, तो जरा मागे, हा दुसरा उडव. "आणि शेवटाला वेग वाढव. आपली माणसं एका चालीत आरती म्हणतात का कधी? तिसऱ्या मजल्यावरच्या टाळवाल्याला भूक लागली की तो पळत सुटतो. अजून वाढव. अजून, बाय!"

आरतीला बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये स्पीकर लावला. बाबांनीच वाजवलंय, एवढंच लोकांना सांगितलं. शेवटाला टाळवाले काका खरंच पळत सुटले, मागोमाग सगळी सोसायटी, आणि ढोलकीही त्यांच्याबरोबर! सगळे एकदमच थांबले.

काका धावतच आमच्या घरून बाबांची खरी ढोलकी घेऊन आले. "काय सफाई हो! हात अगदी पहिल्यासारखा झाला की. मग उद्यापासून स्पीकर कशाला?" म्हणत त्यांनी ती बाबांच्या मांडीवर ठेवली.

मीच ते इतकं गुळगुळीत करून बाबांना अडकवलं होतं.

बाबांनी डावा हात ढोलकीवरून फिरवला. "नाही रे. वाजवलंय मीच, साफसूफ हिने केलंय. उजवा हात गेला माझा. आता यायचा नाही तो."

हे ते घरातसुद्धा कधी बोलले नव्हते. आईने माझा दंड घट्ट धरला.

काका गळ्यातले टाळ बाजूला ठेवून बाबांच्या उजव्या हाताला फतकल मारून बसले. "ही बाजू मी धरतो. मला काही येत नाही. शिव्या द्या, पण शिकवा."

बाबांनी शिव्या दिल्या, अगदी मनसोक्त.