जिवंत मासे, दोन हजार किलो

कंबोडियाच्या सीमेवर फल्ला बावीस वर्षं लोकांच्या मालाचे कागद करत होता. त्याने भरलेला अर्ज कस्टमवाले वाचतही नसत, थेट शिक्का मारत. लोक त्याला सत्यवादी समजत. कसला सत्यवादी! उमेदवारीत शेठच्या सांगण्यावरून त्याने साखरेला मीठ लिहिलं आणि तीन महिने कोठडीत काढले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून त्याच्या पेनातून नि तोंडातून खोटं निघालं नव्हतं.

एप्रिलच्या उन्हात त्याची धाकटी बहीण चान्नारी थायलंडहून ट्रक घेऊन आली. नवरा गेल्यावर होडी विकून घेतलेला हा पहिला माल: टाक्यांत भरलेले दोन हजार किलो मासे. बात्तामबांगच्या बाजारात तो खपला की तिचं घर पुन्हा उभं राहणार होतं. फल्लाने कागदावर लिहिलं, जिवंत मासे. रांग चार तास हलली नाही, आणि टाक्यांत हवा सोडणारा पंप मध्येच बंद पडला.

गेटाशी पोचेपर्यंत मासे पोट वर करून तरंगत होते. मेलेल्या माशांना वेगळा दाखला लागतो. तो नसला की माल खड्ड्यात.

"दादा, बर्फ गेटापलीकडेच मिळतो," चान्नारी कुजबुजली. "लगेच घातला तर विकले जातील. तू फक्त हो म्हण."

कस्टमच्या साहेबाने शिक्का उचलला. "जिवंतच ना रे? तुझा शब्द पुरे. या उन्हात झाकणं कोण उघडतंय?"

बावीस वर्षांचा विश्वास अशा वेळी नाही वापरायचा तर कधी? बहिणीने त्याची बाही घट्ट धरली होती. फल्लाने ती सोडवून घेतली.

"मेलेत, साहेब."

हे ऐकल्यावर साहेबालाही काही करता येईना. त्याने शिक्का खाली ठेवला. दुपारीच जेसीबी आला आणि मासे पुरले गेले. चान्नारी खड्ड्याच्या कडेला उभी होती, डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"चान्ना, माझ्याच्याने खोटं बोलवत नाही गं," फल्ला म्हणाला.

"बोलवत नाही, की भीती वाटते?"

तो ट्रककडे वळला.

"सांग ना दादा. एवढं तरी खरं सांग."

"भीती कसली?" फल्ला म्हणाला. बावीस वर्षांत तो पहिल्यांदाच खोटं बोलला.