अक्षर चांगलं असलेला सेफ्टी ऑफिसर

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात किस्से शोधायला जावं लागत नाही. गाडी परत आली की मालाची पोच, टोलच्या पावत्या आणि एखादा किस्सा, असं सगळं एकदमच टेबलावर येऊन पडतं. पोच आणि पावत्या फाइलला लागतात. किस्से मी घरी डायरीत उतरवतो. परवा जुन्या डायऱ्या चाळल्या, तेव्हा लक्षात आलं की निम्म्याहून जास्त किस्स्यांत हसं माझंच झालेलं आहे!

सुरुवात अशी झाली. जळगावच्या एका कारखान्याचे पाइप आमच्या गाड्या नेतात. एकदा धुळे रोडवर एका गाडीवरचे पाइप सुटले आणि रस्ताभर घरंगळले. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. कारखान्याने लेखी कळवलं, पुन्हा एक जरी पाइप पडला तर काम बंद. त्या कामावर आमच्या अकरापैकी सहा गाड्या चालतात. म्हणजे सहा ड्रायव्हर घरी बसणार.

आमच्या मालकांनी, म्हणजे नानांनी, मला बोलावलं. मी तेव्हा अठरा वर्षं बुकिंगच्या खिडकीत होतो.

"आजपासून तू सेफ्टी ऑफिसर."

"नाना, मला ट्रक चालवतासुद्धा येत नाही."

"पण तुझं अक्षर चांगलं आहे!"

*

मी आरटीओची पुस्तकं वाचली, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि तपासणीचा फॉर्म तयार केला. चोवीस ओळी, प्रत्येकीपुढे एक चौकोन. निघण्यापूर्वी ड्रायव्हरने खुणा करायच्या. "एकही चौकोन रिकामा दिसला तर गाडी गेटबाहेर जाणार नाही," मी ठणकावून सांगितलं.

पहिला फॉर्म हिंमतचा आला. हिंमत चोपड्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा. बोलणं कमी. चोवीसच्या चोवीस चौकोनांत खुणा! मी खूश होऊन वाचायला लागलो. ब्रेक लागतात, बरोबर. दिवे लागतात, बरोबर. टायर फाटलेला आहे, बरोबर. चालक दारू प्यायलेला आहे, बरोबर!

"हिंमत, तू पिऊन आलास?"

"नही भाऊ! पन तुम्हीनच सांगं ना, एक बी खाना रिकामा नको!"

फॉर्म मी पुन्हा लिहिला. पहिल्याचं अक्षर मात्र फार छान आलं होतं.

*

मग मी ठरवलं, नुसते फॉर्म नकोत, लेक्चर पाहिजे. विषय निवडला 'थकवा आणि झोप'. वेळ निवडली दुपारची, जेवणानंतरची. इथेच चुकलो.

मी पाऊण तास बोललो. वर बघितलं तर सगळे ड्रायव्हर भिंतीला टेकून गाढ झोपलेले. फक्त रशीदभाई जागे. धुळ्याचे, आमच्यातले सर्वांत जुने ड्रायव्हर, दाढी पांढरी झालेली.

"रशीदभाई, ही काय पद्धत झाली?"

"साहेब, तुम्हीच तर बोलले, झोप आली की गाडी साइडला लावायची. बठ्ठ्या ड्रायव्हरांनी लावली!"

*

पाइपांसाठी मी नवे पट्टे मागवले, हँडल ओढून आवळायचे. ते मला इतके आवडले की रावेरला केळी भरायच्या गाडीबरोबर जाऊन तिलाही मी तेच लावायला सांगितले. केळी पिकायला लागलेली होती. हमाल म्हणाले, "भाऊ, केळी आहे, जरा सैल राहू द्या." मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा!" आणि स्वतः वर चढून चार खटके जास्त ओढले.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या व्यापाऱ्याचा नानांना फोन आला.

"केळी मिळाली. दूध-साखर मागून येतेय का?"

*

एकदा रशीदभाईंबरोबर केबिनमध्ये बसून निघालो. ते सीटबेल्ट खरंच लावतात की नुसता अंगावर टाकतात, हे बघायचं होतं. त्यांनी बसल्याबरोबर लावला. मी डायरी काढून लिहायला लागलो, "चालकाने बेल्ट न सांगता लावला."

पारोळ्याच्या अलीकडे पोलिसाने गाडी थांबवली. कागद बघितले, सगळे ठीक. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "यांचा बेल्ट कुठे आहे? हे कोण?"

रशीदभाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली, आवाज खाली आणला.

"राहू द्या साहेब. नावाची पावती फाडा, पण हुद्दा नका विचारू!"

*

आणि हा मागच्या हिवाळ्यातला.

काम आमच्याकडे ठेवायचं की काढून घ्यायचं, हे ठरवायला कारखान्याकडून एक मॅडम आल्या. यार्डातल्या गाड्यांवर चढून बघता यावं म्हणून मी ऑफिसची लोखंडी शिडी आणून ठेवली होती. सगळं नीट निघालं. पण मॅडम म्हणाल्या, "यार्डात सगळेच शहाणे असतात. मला रस्त्यावर बघायचंय. ड्रायव्हरला सांगू नका."

हिंमतची गाडी पाइप भरून धुळ्याला निघत होती. आम्ही मॅडमच्या जीपने मागे निघालो. वाटेत शिडी लागेल म्हणून ती मी स्वतः जीपच्या टपावर बांधली.

माझा नियम असा की निघाल्यावर दहाव्या किलोमीटरला थांबायचं आणि पट्टे पुन्हा आवळायचे. हादऱ्यांनी माल खाली बसतो, पट्टे सैल पडतात. हा नियम मी मॅडमना जीपमध्ये तीनदा सांगितला. "दहाव्याला बघा, बरोबर थांबेल!"

गाडी सहाव्यालाच थांबली. हिंमतने खिडकीतून हात काढून आम्हालाही थांबायची खूण केली.

आधीच थांबला म्हणजे पाइप सुटले! सहा गाड्या यार्डात उभ्या असलेल्या दिसायला लागल्या. मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

हिंमत उतरला. आपल्या गाडीकडे त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाइप जागच्या जागी, पट्टे ताठ. तो जीपच्या टपाकडे बघत सरळ आमच्याकडे आला. आम्ही उतरलो. शिडी निम्मी टपाबाहेर आली होती आणि रस्त्याच्या बाजूला लटकत होती.

हिंमतने केबिनमधून रस्सा आणला, शिडी मागे सरकवली, दोन ठिकाणी आवळली, गदागदा हलवून पाहिली.

"आरसामा दिसनं म्हनीसन थांबनू," तो मॅडमना म्हणाला. "हाई शिडी कोनी बांधेल शे?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी कपाशीच्या शेताकडे बघितलं.

काम आमच्याकडेच राहिलं. आठवड्याने कारखान्याचा रिपोर्ट आला. नानांनी सगळ्या ड्रायव्हरांना गोळा केलं आणि तो मलाच मोठ्याने वाचायला लावला. शेवटची ओळ होती :

"सेफ्टी ऑफिसर यांना माल बांधण्याचे प्रशिक्षण देण्यात यावे. प्रशिक्षक : चालक हिंमत."