बंड्याची उद्याची भाकरी

डॉक्टर म्हणाले, "वय झालंय त्याचं. मनाची तयारी ठेवा." तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण मला तयारीला लावतो. शेजारच्या काकूंनी तर आत्ताच दुसरं पिल्लू आणायला सांगितलं, म्हणजे नंतर घर खायला उठणार नाही. मी म्हटलं, "काकू, काकांच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही केली होती का अशी सोय?" दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बरंच झालं.

बंड्या चौदा वर्षांचा कुत्रा. मागचे पाय लटपटतात, दात बहुतेक पडलेत. तरी तव्यावरची पहिली भाकरी त्याचीच, हा आमच्या घरचा नियम. हल्ली ती दुधात कुस्करून देते. आज सकाळी मात्र मी कुस्करायच्या आधीच त्यानं अर्धी भाकरी तोंडात धरली आणि बाल्कनीत निघाला. मी मागोमाग गेले. जास्वंदीच्या कुंडीशी तो थांबला. दोनदा तोल गेला, पण त्यानं माती उकरलीच. भाकरी आत ठेवली, नाकानं माती वर लोटली आणि मातकट नाकानं माझ्याकडे बघत शेपटी हलवली.

उद्यासाठी ठेवली होती त्यानं ती. ज्याच्या जाण्याची तयारी मी करायची, तो उद्याच्या खाण्याची सोय बघतोय!

मला कळत नाही असं नाही. एक दिवस भाकरी कुंडीतच राहील आणि मी रडायचं तेवढं रडेन. पण ते रडणं आज रडणार नाही.

आत आले आणि परातीत मूठभर पीठ जास्त घेतलं. कुंडीत अजून बरीच जागा आहे.