आक्काचा बिनपाण्याचा उपवास

आमच्या घरात कंपवात दोघांना. आधी थोरल्या बहिणीला, आक्काला, मागनं मला. तिचे मालक गेल्यापासून ती निपाणीजवळ आमच्याकडंच असते. हात थरथरलेले चारचौघांना दिसतात, पण लघवीचं कोण बोलतंय?

मला कळ आली की थांबवत न्हाय, आणि जाऊन उभा राहिलो की सुटत न्हाय. तरी बाप्या माणसाचं काय, तंबाखूच्या बांधाला उभा राहिला की झालं. शेजारी म्हणायचा, "आप्पा, बांधाला पाणी पाजताय व्हय?" मीही हसायचो.

आक्काची कधी तक्रार न्हाय. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर पाणी न घेणारे आमच्यात लई. पण आक्का दिवसाही बिनपाण्याचे उपवास धरू लागली. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेली की बायका तिच्या पाया पडायच्या. मला अभिमान वाटायचा.

मग एक दिवस ती बस्तीच्या पायरीवर चक्कर येऊन पडली. बेळगावला नेताना गाडीत तिची जीभ टाळ्याला चिकटलेली.

डॉक्टरीणबाई मला बाहेर बसा म्हणाल्या. मी उठलो न्हाय. आक्का भिंतीकडं तोंड करून बोलली, "नेसलेलं पातळ भिजतंय बाई. पाणी पिऊन बस्तीत बसू कशी?"

मूत्रपिंडावर ताण आलाय, पाणी तोडलं तर जिवावर बेतेल, असं बाई म्हणाल्या. "मग माझीच गोळी हिला द्या की, रोग तर एकच," मी माझ्या लघवीच्या गोळ्यांची पट्टी दाखवत म्हणालो. बाईंनी ती बघितली. "आजोबा, तुमची प्रोस्टेटची गाठ वाट अडवते. आजींना अडवताच येत नाही. एकाची गोळी दुसऱ्यानं घ्यायची नाही."

घरी आलो तरी आक्का घोटभर पिऊन तांब्या सरकवायची. मी रागावलो की म्हणायची, "तुला काय कळतंय रं? तू बाप्या माणूस."

काल दुपार कलली तरी तांब्या भरलेलाच. दिवस मावळला की ती शिवणार न्हाय. शेवटी सांगितलं, जे बायकोलाही सांगितलं नव्हतं. "चिकोडीच्या लग्नात माझ्या धोतरावर ताक सांडलं म्हणालो, ते ताक नव्हतं."

आक्का म्हणाली, "म्हणून पंगतीतनं उठलास व्हय? आणि मी त्या वाढप्याला शिव्या दिल्या."

ती हसली, आणि थरथरत्या हातानं तांब्या उचलला. निम्मा प्याली. मावळतीचं ऊन भिंतीवर चढत होतं. उरलेल्या निम्म्याकडं बघत मी तिथंच बसून राहिलो.